महासाथ, घर आणि घर बांधणारा : कोविड-१९ आणि भारतातील गृहबांधणी (२०२०–२०२२)

कोविड-१९ च्या काळात घरबांधणीचे काय झाले, असे विचारले की बहुतेक उत्तरे एकाच साच्यातली येतात : कामे थांबली, मजूर गावी गेले, काही महिन्यांनी व्याजदर उतरले, लोकांना मोठ्या घराची गरज वाटू लागली आणि बाजार सावरला. हे खरे आहे. पण इतिहासाचा अभ्यास करताना घटनांचा क्रम पाठ करून भागत नाही. संकटात कोणाचे नुकसान झाले, मदत कोणापर्यंत पोहोचली आणि संकट ओसरल्यावर व्यवस्थेत काय बदलले, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. या पाठात आपण तेच करणार आहोत. घर विकत घेणारा, घर विकणारा आणि घर बांधणारा या तिघांकडे आपण वेगवेगळे पाहू. तिघांचा अनुभव एक नव्हता.

१. आधीच्या साथींनी काय केले होते?

साथ आणि घर यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा, १८९७ अस्तित्वात आला. २०२० मध्ये राज्यांनी निर्बंध घालण्यासाठी वापरला तो हाच कायदा.

दाटीवाटीची, अंधारी, कोंदट घरे हेच रोगाचे मूळ आहे, असे तेव्हाचे प्रशासन मानत होते. त्यातून १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्यासारख्या नव्या वस्त्या आखल्या आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. खोलीत उजेड यावा म्हणून ट्रस्टने ६३.५ अंशांचा नियम लावला. त्रिकोणमिती आठवून पाहा : या कोनाचा टॅन साधारण २ येतो. म्हणजे समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून फार जास्त नसावी. आज तुम्ही नगररचनेत इमारतींमधील मोकळ्या अंतराचे नियम शिकता, त्यांच्यामागे हा इतिहास आहे.

पण याला दुसरी बाजू आहे. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या लोकांची घरे पाडली, तितक्यांना नवी घरे दिली नाहीत. बेघर झालेली कुटुंबे शेजारच्या चाळींत शिरली आणि तिथली दाटी वाढली. बंगळुरूमध्ये १८९८ च्या प्लेगनंतर बसवनगुडी आणि मल्लेश्वरम या आखीव वसाहतींना वेग आला. तिथे मुख्यतः मध्यमवर्ग गेला. मुंबईत कामगारांच्या निवाऱ्याचा प्रश्न शिल्लक राहिला आणि १९२० मध्ये त्यासाठी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढावे लागले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ बीडीडी चाळी आज पुनर्विकासामुळे पुन्हा चर्चेत आहेत.

यातून एक निरीक्षण हाती घ्या. साथ आली की घराचा प्रश्न ऐरणीवर येतो, पण उत्तर कोणाच्या घरासाठी शोधले जाते, हे ती साथ ठरवत नाही. ते सरकार आणि बाजार ठरवतात. हीच कसोटी आता २०२० ला लावू.

२. साथीच्या आधी उद्योग कुठे उभा होता?

२०२० मधल्या सगळ्या अडचणी विषाणूच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झालेला स्थावर संपदा कायदा (रेरा) आणि जुलै २०१७ चा जीएसटी यांमुळे उद्योगाची घडी आधीच बदलत होती. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था देणी चुकवू लागली. त्यानंतर बिगर-बँक वित्तसंस्थांनी विकासकांना कर्ज देताना हात आखडता घेतला. अर्धवट राहिलेले प्रकल्प इतके झाले, की ते पूर्ण करण्यासाठी केंद्र सरकारला नोव्हेंबर २०१९ मध्ये २५,००० कोटी रुपयांच्या विशेष निधीची घोषणा करावी लागली. हाच पुढे ‘स्वामिह’ निधी म्हणून ओळखला गेला. म्हणजे साथ आली तेव्हा हा उद्योग आधीच आजारी होता.

३. काम थांबते म्हणजे काय होते?

२४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि मध्यरात्रीपासून लागू झाली. कारखान्यात यंत्र बंद करून कुलूप लावता येते. इमारतीचे काम असे मध्येच सोडता येत नाही. २३ मार्चला स्लॅब टाकला असेल, तर त्यावर पुढचे किमान सात दिवस पाणी मारायलाच हवे. सेंट्रिंग काढण्याची तारीख ठरलेली असते, पण ते काढणारे सुतार जागेवर नसले तर भाड्याने आणलेल्या प्लेटा आणि टेकू अडकून पडतात आणि भाडे चढत राहते. कॉलमच्या उघड्या सळया पावसाळ्यात गंजतात. तीन महिन्यांहून जुने सिमेंट पुन्हा चाचणी केल्याशिवाय वापरू नये, हे तुम्ही बांधकाम साहित्याच्या पहिल्याच प्रकरणात शिकता. टाळेबंदीत गोदामातल्या कितीतरी गोण्या या मुदतीबाहेर गेल्या.

एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत बांधकाम क्षेत्राचे मूल्यवर्धन आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. पहिल्या अधिकृत अंदाजानुसार संपूर्ण अर्थव्यवस्थेची घट २३.९ टक्के होती. बांधकामाची घट त्याच्या दुपटीहून जास्त होती. कारण उघड आहे. गवंडी, फिटर, सुतार, बिगारी यांच्यापैकी कोणालाही घरून काम करता येत नाही.

४. ‘जागेवर राहणारे मजूर’

१५ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने नवे आदेश काढले. २० एप्रिलपासून शहरी हद्दीतील चालू बांधकामांना परवानगी मिळाली, पण एका अटीवर : मजूर बांधकामाच्या जागेवरच उपलब्ध असावेत आणि बाहेरून कोणालाही आणावे लागू नये. एका वर्षानंतर, दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्र सरकारने १४ एप्रिल २०२१ च्या रात्रीपासून ‘ब्रेक द चेन’चे कडक निर्बंध लावले. त्यातही बांधकामासाठी तीच अट होती.

आरोग्याच्या दृष्टीने ही अट समजण्यासारखी आहे : ये-जा कमी, संसर्ग कमी. पण तिचा दुसरा अर्थ पाहा. मजूर कुठे राहतो, हा प्रश्न एरवी कोणी विचारत नव्हते. आता प्रकल्प चालणार की थांबणार, हे त्याच एका गोष्टीवर ठरू लागले. नाक्यावर रोज सकाळी उभा राहून काम मिळवणारा मजूर या अटीत बसत नव्हता. जो जागेवर राहत होता, तो बसत होता. पण तो राहत होता कसा?

कायद्यात याचे उत्तर १९९६ पासून लिहिलेले होते. इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याच्या कलम ३४ नुसार, कामाच्या जागी किंवा शक्य तितक्या जवळ कामगारांना विनामूल्य तात्पुरता निवारा देणे ही मालकाची जबाबदारी होती. त्यात स्वयंपाक, आंघोळ, धुणे आणि शौचालय यांची वेगळी सोय हवी होती. काम संपल्यावर हा निवारा पाडून जमीन पूर्ववत करायची, हेही त्याच कलमात होते. मोठ्या कंपन्यांच्या काही प्रकल्पांवर हे चांगल्या प्रकारे पाळले जाते. लहान-मध्यम कामांवर मात्र पत्र्याची एक खोली, त्यात सहा-आठ माणसे आणि सगळ्यांत मिळून एक नळ, हे दृश्य तुम्ही आपल्या गावात पाहिले असेल. अशा खोलीत ‘सुरक्षित अंतर’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

त्याच कायद्याला जोडून बांधकाम खर्चावर किमान १ टक्का उपकर घेतला जात होता आणि तो राज्यांच्या कामगार कल्याणकारी मंडळांकडे जमा होत होता. हा पैसा वर्षानुवर्षे पडून राहतो, यावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये कठोर ताशेरे ओढले होते. २४ मार्च २०२० रोजी केंद्रीय श्रम मंत्रालयाने राज्यांना या निधीतून मजुरांच्या खात्यात थेट पैसे जमा करण्यास सांगितले. मंत्रालयानेच दिलेले आकडे असे : निधीत सुमारे ५२,००० कोटी रुपये आणि नोंदणीकृत कामगार सुमारे ३.५ कोटी. अनेक राज्यांनी १,००० ते ५,००० रुपयांपर्यंत मदत दिली. पण ती मिळण्यासाठी नोंदणी हवी. आज एका ठेकेदाराकडे, तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या राज्यात काम करणाऱ्या माणसाची नोंदणी एकतर झालेली नसते किंवा नूतनीकरणाअभावी मोडलेली असते.

२९ मार्चच्या आदेशात घरमालकांनी मजुरांकडे एक महिना भाडे मागू नये, असेही म्हटले होते. पण भाडेकराराचा कागदच नसलेल्या माणसाने हा आदेश कोणाला दाखवायचा?

२९ एप्रिल रोजी तेलंगणातील संगारेड्डी जिल्ह्यात, आयआयटी हैदराबादच्या आवारातील बांधकामावरचे मजूर थकलेली मजुरी आणि घरी जाण्याची परवानगी मागत बाहेर पडले. दोनच दिवसांनी, १ मे रोजी, देशातली पहिली श्रमिक विशेष रेल्वेगाडी लिंगमपल्लीहून झारखंडमधील हटियाकडे निघाली. सुमारे १,२०० प्रवाशांत याच जागेवरचे मजूर मोठ्या संख्येने होते. ऑगस्टअखेरपर्यंत अशा ४,६२१ गाड्यांनी सुमारे ६३ लाख लोक गावी गेले. पायी, ट्रकने, सायकलने गेलेले याशिवाय.

या काळातली आणखी एक घटना लक्षात ठेवा. ५ मे २०२० रोजी कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांची विकासकांच्या प्रतिनिधींशी बैठक झाली. त्यानंतर राज्याने श्रमिक गाड्यांची मागणी मागे घेतली. कामे सुरू होत आहेत, मजूर गेले तर बांधणार कोण, हा त्यामागचा विचार होता. देशभर टीका झाल्यावर काही दिवसांतच निर्णय फिरवावा लागला. मजुराशिवाय उद्योग चालत नाही, हे त्या दिवशी सर्वांनी मान्य केले. पण त्याला थांबवून घेण्यासाठी चांगली खोली देण्याऐवजी गाडी रद्द करण्याचा मार्ग आधी सुचला.

५. मदत कोणाला, कशी मिळाली?

आता दुसऱ्या बाजूला वळू. घर घेणारा आणि विकणारा यांच्यासाठी सरकार व रिझर्व्ह बँक यांनी चार मुख्य उपाय केले.

पहिला उपाय व्याजदराचा. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ५.१५ टक्क्यांवरून २७ मार्च २०२० रोजी ४.४ टक्के आणि २२ मे रोजी ४ टक्के केला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य दराला जोडलेली होती. त्यामुळे ही कपात लवकर ग्राहकांपर्यंत पोहोचली आणि काही बँकांचे गृहकर्ज ७ टक्क्यांच्याही खाली आले.

दुसरा उपाय हप्ते पुढे ढकलण्याचा. १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत हप्ता न भरण्याची मुभा मिळाली. पण व्याज चालूच राहिले. समजा, तुमच्या घरावर ८ टक्के दराने ३० लाख रुपये कर्ज शिल्लक आहे. महिन्याचे व्याज २०,००० रुपये. सहा महिने हप्ता न भरल्यास कर्जात सुमारे १,२२,००० रुपयांची भर पडते. पुढे सरकारने आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जी सूट दिली, ती व्याजावरच्या व्याजाची. आपल्या उदाहरणात ती जेमतेम २,००० रुपये भरते. म्हणून ‘हप्ते माफ झाले’ असे कोणी म्हटले तर हे गणित मांडून दाखवा.

तिसरा उपाय मुदतवाढीचा. केंद्राच्या सूचनेनुसार २५ मार्च २०२० रोजी किंवा त्यानंतर संपणाऱ्या रेरा नोंदणीला सहा महिने वाढ मिळाली. विकासकाला यामुळे श्वास घेता आला. पण ज्याने घर नोंदवले होते, त्याच्या घराचा ताबा सहा महिने पुढे गेला. त्या काळात तो राहत्या घराचे भाडे आणि न मिळालेल्या घराचे हप्ते, दोन्ही भरत होता.

चौथा उपाय मुद्रांक शुल्काचा. महाराष्ट्राने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात शुल्कात ३ टक्क्यांची आणि पुढे ३१ मार्च २०२१ पर्यंत २ टक्क्यांची सवलत दिली. एक कोटीच्या घरावर हे तीन लाख रुपये होतात. मुदतीआधी नोंदणी करण्यासाठी झुंबड उडाली. एप्रिल २०२० मध्ये ठप्प असलेल्या मुंबईत डिसेंबरमध्ये १९,००० हून अधिक दस्त नोंदले गेले. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने विकासकांकडून घ्यायच्या अधिमूल्यात वर्षभरासाठी निम्मी सूट दिली, मात्र ग्राहकाचे मुद्रांक शुल्क विकासकाने भरावे, अशी अट घातली. कर्नाटकने कमी किमतीच्या घरांचे शुल्क उतरवले.

हे उपाय परिणामकारक ठरले, यात शंका नाही. त्यांच्या जोडीला लोकांची गरजही बदलली. घरात ऑफिस आणि शाळा भरू लागल्यावर एक जादा खोली आणि गॅलरी हवीशी वाटू लागली. ज्यांचा पगार टिकला, त्यांची बचतही वाढली होती. २०२१-२२ मध्ये पोलाद आणि सिमेंट महागले, मे २०२२ पासून रेपो दर वाढत जाऊन फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ टक्क्यांवर पोहोचला, तरी मोठ्या शहरांतली विक्री टिकून राहिली. यात लहान, परवडणाऱ्या घरांपेक्षा मोठ्या घरांचा वाटा वाढत गेला.

६. बांधणाऱ्याच्या निवाऱ्याचे काय झाले?

मजुरांच्या स्थलांतराने सरकारही हलले. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने परवडणाऱ्या भाड्याच्या घरसंकुलांची योजना मंजूर केली. शहरांत सरकारी पैशातून बांधलेली आणि रिकामी पडलेली घरे २५ वर्षांच्या कराराने चालवायला देऊन स्थलांतरित कामगारांना भाड्याने द्यायची, किंवा खासगी-सार्वजनिक संस्थांनी आपल्या जमिनीवर अशी नवी संकुले बांधायची, हे तिचे दोन मार्ग. सुरुवातीला सुमारे तीन लाख लोकांना लाभ होईल, असा अंदाज होता.

विचार योग्य होता. भारताच्या गृहधोरणाने अनेक दशके मालकीच्या घरालाच घर मानले. सरकारी धोरणाने भाड्याच्या घराला कामगारांच्या गरजेशी जोडणे, हा मोठा बदल होता. अंमलबजावणी मात्र संथ झाली. रिकाम्या सरकारी घरांची संख्या एक लाखाच्या आसपास होती. सरकारने पुढे संसदेत दिलेल्या माहितीनुसार त्यांतली सुमारे ५,६०० घरेच या योजनेत भाड्याने गेली. चंदीगड आणि गुजरातमधील काही शहरे यात पुढे होती. घरे रिकामी का होती, याचे कारण इथेच सापडते : अनेक संकुले शहराच्या कडेला, कामापासून लांब होती. मजुराला खोलीबरोबर कामाची जवळीकही लागते.

तुलनेसाठी केरळ पाहा. तिथे पालक्काड जिल्ह्यातील कंजिकोड या औद्योगिक भागात स्थलांतरित कामगारांसाठी ‘अपना घर’ हे सहाशेहून अधिक जणांचे वसतिगृह २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच, सुरू झाले होते. संख्या लहान आहे, पण ते कामाच्या जवळ आहे.

सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता मंजूर केली. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आणि १९९६ चा बांधकाम कामगार कायदा त्यात सामावून घेतले गेले. कायद्याचे पुस्तक बदलले, पत्र्याच्या खोलीत तेवढ्या वेगाने बदल झाला नाही.

७. तंत्राने प्रश्न सुटतो का?

मजूर मिळेनासे झाले तेव्हा काही विकासकांनी बस आणि विमानाची तिकिटेही काढून त्यांना परत आणले. दुसरा मार्ग म्हणजे कमी मजुरांत काम करणे. ॲल्युमिनियमचे साचे, कारखान्यात तयार केलेले काँक्रीटचे भाग यांची चर्चा वाढली. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूर, राजकोट, चेन्नई, रांची, आगरताळा आणि लखनौ या सहा शहरांत, प्रत्येकी सुमारे हजार घरांच्या ‘लाइट हाउस’ प्रकल्पांची पायाभरणी झाली. सहा शहरांत सहा वेगळी तंत्रे. मात्र या तंत्रांची निवड साथीच्या आधीच झाली होती. साथीने तिला निकड दिली. साथीने हे तंत्र आणले, असे परीक्षेत लिहू नका.

आणि साचा ॲल्युमिनियमचा झाला तरी तो लावणारा माणूस लागतोच. तो बहुधा बिहार, झारखंड, ओडिशा, बंगाल किंवा उत्तर प्रदेशातूनच आलेला असतो आणि रात्री त्यालाही कुठेतरी झोपायचे असते.

८. समारोप

आपली कसोटी आता लावून पाहू. १८९८ नंतर रस्ते आणि वसाहती आधी झाल्या, कामगारांच्या खोल्या मागून आणि अपुऱ्या आल्या. २०२० मध्ये ग्राहकाला स्वस्त कर्ज आणि शुल्क-सवलत, विकासकाला मुदत आणि अधिमूल्यात सूट, हे काही महिन्यांत पोहोचले. त्यासाठी लागणारी यंत्रणा तयार होती : बँक, नोंदणी कार्यालय, रेरा. मजुराच्या निवाऱ्यासाठी अशी तयार यंत्रणा नव्हती. कायदा, उपकर, योजना असे सगळे होते, पण त्यांना जोडणारा दुवा नव्हता. या काळाच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा धडा हा आहे.

तुमच्यापैकी जे स्थापत्य अभियांत्रिकी शिकत आहेत, ते साइटचा आराखडा काढायला शिकतील. त्यात सिमेंटचे गोदाम, सळयांची जागा, मिक्सर, क्रेन हे सगळे काळजीपूर्वक दाखवले जाते आणि उरलेल्या कोपऱ्यात ‘लेबर कॅम्प’ असे लिहिले जाते. पुढच्या वेळी आराखडा काढताना सुरुवात त्या कोपऱ्यापासून करा. माणसे किती, खोल्या किती, नळ आणि शौचालये किती, सांडपाणी कुठे जाणार, हे आधी मांडा आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या बाबीखाली धरा.

स्वाध्याय

१. तुमच्या गावातील किंवा शहरातील एका चालू बांधकामावरील मजुरांच्या निवाऱ्याची पाहणी करा आणि कलम ३४ मधील तरतुदींशी तुलना करा.

२. हप्ते पुढे ढकलण्याची मुभा घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या दोन कर्जदारांचे सहा महिन्यांचे गणित मांडा. व्याजदर ७, ८ आणि ९ टक्के धरा.

३. ‘जागेवर राहणाऱ्या मजुरांनाच परवानगी’ या अटीचे आरोग्यविषयक फायदे आणि सामाजिक परिणाम यांवर चर्चा करा.

४. तुमच्या राज्यात २०२० ते २०२२ या काळात मुद्रांक शुल्कात बदल झाला का? झाला असल्यास त्याचा फायदा कोणत्या किमतीच्या घरांना मिळाला, ते शोधा.